ज्वारीच्या शेतातला हत्ती

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला एका हत्तीविषयी बोलायचं आहे. मार्च २०११ मध्ये झिम्बाब्वेतल्या एका ज्वारीच्या शेतात, रात्रीच्या अंधारात, तो गोळी लागून कोसळला. गोळी झाडणारे गृहस्थ होते बॉब पार्सन्स, अमेरिकेतल्या गोडॅडी कंपनीचे संस्थापक आणि त्या वेळचे मुख्य कार्यकारी अधिकारी. कुणाला स्वतःची वेबसाइट काढायची असली, की आधी तिचं नाव नोंदवावं लागतं. ही नावनोंदणी करून देणारी गोडॅडी ही जगातली सर्वांत मोठी कंपनी. दुकानदार, शाळा, सेवाभावी संस्था, घरबसल्या छोटा धंदा करणाऱ्या बायका, अशी लाखो माणसं तिची गिऱ्हाइकं होती.

या शिकारीचा बभ्रा कुणा पत्रकाराने केला नाही. पार्सन्स यांनी स्वतःच तिचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. सुरुवातीला तुडवलेली, आडवी पडलेली ज्वारी दिसते. मग रात्र, विजेऱ्यांचा झोत, बंदुकीचे आवाज. मग मेलेल्या हत्तीशेजारी बसून हसतमुखाने काढून घेतलेलं छायाचित्र. आणि मग उजाडतं. आजूबाजूच्या वस्तीतली माणसं सुऱ्या घेऊन जमतात आणि त्या प्रचंड देहाचं मांस कापून न्यायला झुंबड उडते. मागे रॉक संगीत जोरात वाजत असतं. आणि त्या गर्दीतल्या काही जणांच्या डोक्यावर गोडॅडीचं नाव लिहिलेल्या टोप्या असतात.

मला विचाराल तर त्या टोप्याच डोळ्यांपुढून हलत नाहीत. हत्ती मारल्याचं दुःख आहेच. पण ज्याच्या घरात मांस क्वचितच शिजतं, तो माणूस दोन घास मिळवायला वाकलेला असताना त्याच्या डोक्यावर आपल्या कंपनीची जाहिरात असावी, आणि ते चित्र आपण अभिमानाने जगाला दाखवावं, हे करताना हात कसा कचरला नाही?

लोक खवळले. प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या पेटा या संस्थेने गोडॅडीकडचं आपलं खातं बंद केलं आणि इतरांनाही तसं करायला सांगितलं. नेमचीप नावाच्या स्पर्धक कंपनीने जाहीर केलं, की गोडॅडी सोडून आमच्याकडे या, ४ डॉलर ९९ सेंटमध्ये तुमचं नाव इकडे वळवून देतो, आणि त्यातला एक डॉलर हत्तींसाठी काम करणाऱ्या सेव्ह द एलिफंट्स या संस्थेला देतो. थोड्याच दिवसांत ही देणगी २०,००० डॉलरच्या वर गेली. नेमचीपने यात आपलाही धंदा वाढवून घेतला, हे खरं. तरी हा एक डॉलर लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

गिऱ्हाइकाच्या हातातलं हे हत्यार आपल्याला नवं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरच्या वनतारा या रिलायन्सच्या प्राणीकेंद्रात नेली गेली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी त्याच रिलायन्सच्या जिओचे आपले नंबर दुसऱ्या कंपन्यांकडे वळवले. दोन्ही प्रकरणं अगदी वेगळी. तिथे शिकार होती, इथे माया. पण ज्याच्यापर्यंत आपला आवाज एरवी पोचणार नाही, त्या मोठ्या माणसाला आपला राग कसा कळवायचा, हे दोन्हीकडच्या लोकांना बरोबर उमगलं होतं.

पार्सन्स यांनी माफी मागितली नाही. हे हत्ती गरीब शेतकऱ्यांचं पीक रात्रीतून संपवतात, पीक गेलं तर माणसं उपाशी राहतात, आपण मदतच केली, असं त्यांचं म्हणणं होतं. पुष्कळांनी ते ऐकूनही घेतलं नाही. मला मात्र ते ऐकून घ्यावंसं वाटतं, कारण माझं आजोळ दोडामार्ग तालुक्यातलं.

२००२ पासून कर्नाटकातून हत्ती आमच्या सिंधुदुर्गात येऊ लागले. तिळारीच्या खोऱ्यातल्या बागायतदाराला विचारा रात्र म्हणजे काय ते. एका सकाळी मी मामाच्या बागेत गेले होते. रात्री हत्ती येऊन गेला होता. सहा माड मुळासकट आडवे पडले होते. हत्ती माड पाडतो तो शेंड्यातल्या कोवळ्या गाभ्यासाठी. तेवढा पांढरा गाभा त्याने सोलून खाल्ला होता, बाकीचं झाड तसंच टाकलेलं. केळीचे खांब चिरडून त्यांचा चोथा झालेला. आणि चिखलात उठलेल्या पावलांमध्ये पाणी साचलं होतं, एकेक पाऊल परातीएवढं. मामा काही न बोलता त्या पावलांच्या कडेकडेने चालत होता, जणू ती मोडू नयेत. मग म्हणाला, ''राग येता गो, पण तेका मारा म्हणान सांगूक जीभ वळणा नाय.'' पंचनामा होईल, भरपाई मिळेल, पण माड फळाला यायला जी वर्षं लागतात ती कुठल्या भरपाईत बसवणार? आणि गोष्ट माडांवर थांबत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये याच तालुक्यातल्या मोर्ले गावात एका वयस्क शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला.

म्हणून झिम्बाब्वेतल्या त्या शेतकऱ्याचं दुःख खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. ज्वारी म्हणजे काय ते महाराष्ट्राला सांगायला नको. कणसं भरलेली आहेत, कापणी तोंडावर आली आहे, आणि एका रात्रीत वर्षाची भाकरी गेली.

तिथे शिकारीच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडतात, तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. झिम्बाब्वेत १९८९ पासून कॅम्पफायर नावाची योजना आहे. परदेशी शिकारी जे शुल्क भरतात, त्यातला वाटा वन्यप्राण्यांच्या शेजारी राहणाऱ्या गावांना मिळावा, म्हणजे गावकरी प्राण्यांना शत्रू मानणार नाहीत, हा तिचा हेतू. शेजारधर्म निभावायचा तर शेजाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे, हे मला पटतं. गावापर्यंत प्रत्यक्षात किती पैसा पोचतो, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. आणि या वाटेवर सगळा आफ्रिका खंड गेलेला नाही. केनियाने शिकार १९७७ मध्येच बंद केली. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली.

पण मोठा नर मारल्याने शेतं खरंच वाचतात का? दक्षिण आफ्रिकेतल्या पिलान्सबर्ग अभयारण्यात जे घडलं ते ऐका. तिथे क्रूगरच्या जंगलातून हत्तींची पोरकी पिल्लं आणून सोडली होती. त्यांची थोरली मंडळी संख्या कमी करायच्या मोहिमेत मारली गेली होती. पिल्लं वाढली, त्यातले नर वेळेआधीच माजावर येऊ लागले, आणि त्यांनी गेंडे मारायचा सपाटा लावला. १९९० च्या दशकात असे चाळीसहून अधिक गेंडे मेले. शेवटी १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ नर आणून तिथे सोडले. थोरल्यांच्या धाकाने तरण्या नरांचा माज उतरला आणि गेंड्यांचे मृत्यू थांबले. ज्या घरात वडीलधारं कुणी उरलं नाही, तिथे काय होतं ते आपल्यालाही ठाऊक आहे. शिकाऱ्याला मात्र नेमका तोच मोठा, थोरला नर हवा असतो.

मग शेतकऱ्याने करायचं काय? त्याच झिम्बाब्वेत माणसं मिरची लावत होती. हत्तीला मिरचीचा ठसका सहन होत नाही. शेणात मिरचीपूड कालवून विटा थापायच्या, वाळवायच्या आणि वारा बघून शेताच्या कडेला रात्री धुमसत ठेवायच्या. दोरीला वापरलेलं वंगण आणि मिरची फासून कुंपण करायचं. आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे एकदा सांगितलं, की दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.

आणि आता तो एक डॉलर. सेव्ह द एलिफंट्स ही केनियातली संस्था. तिच्यासोबत काम करणाऱ्या ल्यूसी किंग या संशोधिकेने हत्ती मधमाश्यांना भितात हे तपासून पाहिलं. साधा गुंजारवाचा आवाज ऐकवला तरी कळप मागे फिरतो. मग तिने शेताभोवती पोळ्यांचं कुंपण उभं केलं. दर दहा मीटरवर एक पेटी टांगायची आणि सगळ्या पेट्या तारेने जोडायच्या. हत्ती आत शिरू लागला की तार हलते, पेट्या झुलतात, माश्या उठतात. कुंपणाजवळ आलेल्या दहा हत्तींपैकी सुमारे आठ असे परत फिरले. पीक वाचतं, हत्ती जगतो, आणि मधही हाती येतो.

त्या सगळ्या संतापातून मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. खाती बंद झाली, शिव्याशाप झाले, आणि पार्सन्स यांचं फारसं बिघडलं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या कंपनीतला मोठा हिस्सा गुंतवणूकदारांनी घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिची किंमत सव्वादोन अब्ज डॉलर धरल्याचं सांगितलं गेलं. पण रागावलेल्या माणसांच्या खिशातून निघालेला तो एकेक डॉलर अशा लोकांकडे गेला, जे शेताच्या बांधावर उभे होते. राग तिथवर पोचला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हत्तीच्या बाजूने उभं राहताना ज्वारीचा मालक आपल्या पाठीमागे दिसेनासा होऊ नये.

२०२१ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात मधमाश्यांच्या पेट्यांचा असाच प्रयोग सुरू केला. आपल्याकडचे हत्ती वेगळे, आपल्याकडच्या माश्या वेगळ्या, त्यामुळे केनियातलं यश इथे जसंच्या तसं मिळेल असं कुणी धरून चालू नये. मी मामाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, एक पेटी केवढ्याला पडते, आणि पावसात ती कुठे ठेवायची? पाडलेल्या सहा माडांच्या जागी त्याने खड्डे खणून ठेवलेत. रोपं या पावसाळ्यात लागतील.

नमस्कार.