अपघातानंतर चाइल्ड सीटचा क्लेम

गाडी ठोकली गेली की बंपर, बॉनेट, दिवे, रेडिएटर यांची यादी विमा कंपनीचा सर्व्हेअर आपणहून करतो. मागे बांधलेली चाइल्ड सीट त्या यादीत सहसा येत नाही. ती गाडीसोबत आलेला भाग नसतो, आणि वरवर पाहिली तर धडधाकट दिसते. आपण मागितली तरच तिचा विचार होतो, आणि मागितली की पहिलं उत्तर ठरलेलं: 'सीटला तर काहीच झालेलं दिसत नाही.'

या उत्तरापुढे बरेच पालक गप्प बसतात. म्हणून आधी धडकेत सीटचं काय होतं ते समजून घेऊ. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. पुढचा भाग चेपत चेपत गाडी 60 सेंटिमीटरमध्ये थांबली असं धरा. वेग इतक्या थोडक्यात शून्यावर आणायला लागणारा जोर सरासरी वजनाच्या 16 पट येतो. एखाद्या क्षणी त्याहूनही वर जातो. 12 किलोचं मूल आणि 8 किलोची सीट, म्हणजे मिळून 20 किलो. गाडीच्या पट्ट्यावर किंवा आयसोफिक्सच्या (सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या) हुकांवर सुमारे 320 किलोंचा ओढा बसला. सीट रिकामी असली तरी तिच्या एकटीच्या वजनाने सव्वाशे किलोंहून जास्त. 'मूल गाडीत नव्हतं, मग सीट कशाला बदलायची?' या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे.

हा ओढा कुठे खुणा सोडतो? कापडी कव्हर काढा, टॉर्च तिरका धरा आणि पट्टा ज्या खाचेतून जातो तिच्या कडा बघा. काळ्या किंवा करड्या प्लॅस्टिकवर खडूने ओढल्यासारखी पांढरट रेघ दिसली, तर तिथे प्लॅस्टिक ताणलं गेलंय. डोक्यामागचा फोम बोटांनी चाचपा, चीर गेली असेल तर बोटाला लागते. काही सीटच्या टेदर पट्ट्यात, म्हणजे सीटचा वरचा भाग मागे गाडीला बांधणाऱ्या पट्ट्यात, मुद्दाम उसवणारी शिलाई असते. ती उसवली असेल तर सीटने आपलं काम केलं आणि ती संपली. मात्र यातलं काही सापडलं नाही म्हणून सीट ठीक आहे असं ठरत नाही. पट्ट्याचे धागे आतून ताणले गेलेत का, हे डोळ्यांना कळत नाही आणि घरी तपासताही येत नाही.

म्हणूनच 'दिसतं का' या वादात पडू नका. वाद कागदावर आणा. पहिला कागद म्हणजे सीटचं मॅन्युअल. त्यात अपघाताबद्दल स्वतंत्र सूचना असते. अनेक उत्पादक कोणत्याही अपघातानंतर सीट बदला असं सांगतात, काही जण फक्त किरकोळ धडकेला सूट देतात. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच धरायचं. मॅन्युअल हरवलं असेल तर उत्पादकाच्या ग्राहक सेवेला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवरच्या आश्वासनाचा क्लेममध्ये उपयोग होत नाही.

किरकोळ म्हणजे काय, याची सर्वांत स्पष्ट व्याख्या अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते सुरक्षा यंत्रणेने केली आहे. गाडी घटनास्थळावरून चालवत नेता आली, सीटजवळच्या दाराला इजा नाही, गाडीतल्या कोणालाही दुखापत नाही, एअरबॅग असल्यास त्या उघडल्या नाहीत, आणि सीटवर दिसेल असं नुकसान नाही. या पाचही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तरच धडक किरकोळ. एक जरी चुकली तरी सीट बदलायची. गाडी टो करून न्यावी लागली असेल तर एवढ्यावरच प्रश्न मिटतो, आणि टोची पावती हा तुमचा पुरावा. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे: अपघाताच्या वेळी मूल सीटमध्ये बसलेलं असेल, तर ती सीट विम्यातून बदलून मिळते.

आता प्रत्यक्ष काम. शक्य असेल तर सीट गाडीतून काढण्याआधीच फोटो घ्या: बांधलेल्या स्थितीत, जवळच्या दारासकट, उघडलेल्या एअरबॅगसकट. सीट काढल्यावर तिच्या पाठीवरच्या किंवा तळाच्या लेबलचा फोटो. मॉडेल क्रमांक, सिरियल नंबर आणि उत्पादनाची तारीख वाचता आली पाहिजे. गाडी टो होऊन यार्डात गेली असेल तर सीट तिच्यात विसरू नका, कारण गाडी भंगारात निघाली की सीट आणि लेबल दोन्ही गेले. खरेदीची पावती नसेल तर कार्डाचं स्टेटमेंट किंवा ऑनलाइन ऑर्डरची नोंद चालवून घेतली जाते.

क्लेम कोणाकडे? चूक समोरच्याची असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे मालमत्तेच्या नुकसानीत सीट मागायची. तिथे तुमचं डिडक्टिबल (क्लेममधला आपल्या खिशातून भरायचा ठरलेला हिस्सा) आड येत नाही. स्वतःच्या पॉलिसीतून मागताना, सीटला डिडक्टिबल लागू आहे का, हे लेखी विचारा. पत्र लांबलचक नको. 'अपघाताच्या वेळी गाडीत अमुक मॉडेलची चाइल्ड सीट बसवलेली होती. उत्पादकाच्या सूचनेनुसार ती बदलणं आवश्यक आहे. मॅन्युअलचं पान, लेबल आणि सीटचे फोटो सोबत आहेत. त्याच किंवा समकक्ष नव्या सीटची किंमत, कर आणि पोहोचवण्याच्या खर्चासह मंजूर करावी.' एवढं पुरतं. दोन सीट असतील तर दोन्हींचे क्रमांक वेगवेगळे लिहा. बेस (सीटखाली गाडीत बांधलेला तळ) वेगळा असेल तर तोही लिहा; बेस राहून जाणं ही नेहमीची चूक, कारण पट्ट्याचा सगळा ओढा त्यानेच सोसलेला असतो.

खरी घासाघीस घसाऱ्यावर होते. कंपनी म्हणते, सीट तीन वर्षं वापरलेली, तेवढी रक्कम कापू. यावर म्हणायचं ते असं: वापरलेली सीट बाजारातून घेऊन बसवता येत नाही, कारण ती आधी धडकेत सापडली होती का, हे कळायला मार्ग नाही. मुलाला तितकंच संरक्षण द्यायचं तर नवीच सीट लागते. पटलं नाही तर नकाराचं कारण लेखी मागा आणि मॅन्युअलचं पान जोडून वरच्या अधिकाऱ्याकडे किंवा तक्रार कक्षाकडे पाठवा. आणि हे फार महत्त्वाचं: सीटचा निकाल लागेपर्यंत 'पूर्ण व अंतिम' तडजोडीच्या कागदावर सही करू नका. एकदा सही झाली की राहिलेलं मागायचा हक्क सहसा उरत नाही.

मूल मात्र उद्याच गाडीत बसणार असतं. क्लेम रेंगाळला म्हणून जुनी सीट 'तेवढ्यापुरती' वापरू नका. नवी घेतो असं कंपनीला ईमेलने कळवा, शक्य तर होकार घ्या, आणि पावती जपून ठेवा.

जुनी सीट तपासून झाली किंवा तपासायची नाही असं कंपनीने लेखी कळवलं, की मगच ती मोडा; आधी मोडली तर पुरावा जातो. हार्नेसचे, म्हणजे मुलाला बांधायचे, पट्टे कात्रीने कापा, कव्हर काढा, प्लॅस्टिकवर पक्क्या मार्करने 'अपघातग्रस्त, वापरू नये' असं लिहा आणि फोटो काढा. काही कंपन्या पैसे देण्याआधी हाच फोटो मागतात. न कापता टाकलेली सीट कोणीतरी उचलून आपल्या बाळासाठी नेतं.

नवी सीट बसवण्याआधी वर्कशॉपकडून तीन ठिकाणं तपासून घ्या: त्या जागेचा गाडीचा पट्टा, आयसोफिक्सचे लोखंडी हुक आणि मागचा टेदरचा हुक. पट्टा अडकत असेल, पूर्ण गुंडाळत नसेल, किंवा त्याचा प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी यंत्रणा) उडालेला असेल तर अख्खं युनिट बदलावं लागतं. ते गाडीच्या दुरुस्तीच्या क्लेममध्ये येतं, सीटच्या नाही. म्हणून वर्कशॉपच्या अंदाजपत्रकात ते वेगळं लिहिलंय ना, ते पाहून घ्या.