शाळेतल्या सिस्टर

श्रोतेहो, नमस्कार. शाळेतल्या सिस्टरबद्दल, म्हणजे शाळेतल्या नर्सबद्दल बोलायचं म्हटलं की मला लुई आठवतो, आणि लुई आठवला की बाकीच्या भाषणाचं काही खरं नाही.

गोष्ट न्यूयॉर्कची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. लिलियन वॉल्ड नावाची परिचारिका गरीब वस्तीत घरोघर जायची. तिथं तिला बारा वर्षांचा लुई भेटला. अक्षरओळख नाही. का, तर डोक्यावर इसब! शाळेत गेला की त्याला घरी पाठवायचे. वॉल्डबाईंनी औषधपाणी केलं, डोकं बरं झालं, लुई शाळेत बसला. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत तो जिने चढून धावत आला आणि सकाळी शिकलेले शब्द त्यानं वॉल्डबाईंना म्हणून दाखवले. नुसतं मलम हो!

म्हणजे बघा, घरी पाठवायला सगळे होते, बरं करायला कुणी नव्हतं. म्हणून ऑक्टोबर 1902 मध्ये वॉल्डबाईंनी लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांत प्रयोग म्हणून पाठवलं. उवा, खरूज, नायटा, खुपऱ्या. जमेल ते औषध शाळेतच, नाहीतर थेट पोराच्या घरी. प्रयोग पटला, आणखी नर्सेस नेमल्या. सप्टेंबर 1902 मध्ये आजारपणामुळे घरी पाठवलेली मुलं होती 10,567. वर्षानं, 1,101. दहा हजारांवरून अकराशे!

समाधान म्हणतात ते हेच. वॉर्डातला पेशंट बरा झाला की निघून जातो. शाळेतलं पोर डोळ्यांसमोर वाढतं. पहिलीत दम्याचा पंप धड ओढता न येणारा मुलगा पुढं स्वतःच वेळेवर ओढतो. गणिताच्या तासालाच पोट दुखणारी मुलगी पुन्हा आली की सिस्टर पोट तपासते, दार लोटते आणि हळूच विचारते, "घरी काय चाललंय?"

बोच कसली? एकटेपणाची. शिक्षकांच्या सोबतीला दुसरे शिक्षक असतात, सिस्टर एकटीच. मधुमेहाच्या मुलाला घाम फुटला, हात थरथरले, की काय करायचं ते त्या क्षणी तिनंच ठरवायचं. ही मोकळीकच तिला आवडते, आणि तिचाच ताणही येतो.

आणि सकाळी तापाचं औषध पाजून पोराला शाळेत ढकलणारे आईबाप! दुपारी ताप चढतो, सिस्टर फोन करते, तर म्हणे, "सकाळी तर बरा होता." असो.

शाळा चालवणाऱ्यांना एकच सांगणं. शिक्षक आले नाहीत म्हणून सिस्टरला वर्गावर पाठवू नका. ती तिकडं हजेरी घेत असते, आणि इकडं दम लागलेलं पोर कुलूप लावलेल्या खोलीबाहेर उभं असतं.