यंत्राने तानपुऱ्याशी जुळवलेला सूर

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि रसिकहो,

माझी पुतणी नागपूरला महाल भागात राहते. ती स्वतः गाणी लिहिते, चाली बांधते आणि गाते. तानपुरा, खंजिरी आणि सिंथेसायझर यांच्या मेळातून तिचा आठ गाण्यांचा नवा अल्बम तयार झाला आहे. मे महिन्यात घरी गेलो असताना त्यातल्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मला बसता आले.

पारा ४५ अंशांवर गेला होता, आणि घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून कूलर बंद होता. "काका, गाणं होईपर्यंत तेवढं सोसा," असे ती म्हणाली. त्या कोरड्या उष्म्याने खंजिरीचे कातडे ताणले जाऊन तिचा नाद चढत होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भात घरोघरी ओळखीचे झालेले हे वाद्य वादकाने मांडीवर घेतले, कातड्यावरून ओली बोटे फिरवली, कानाशी धरून एक थाप दिली आणि मगच मान हलवली. सिंथेसायझरचा सूर मात्र सकाळपासून जागचा हलला नव्हता.

खरा प्रश्न गंधाराचा, म्हणजे सा-रे-ग मधल्या 'ग'चा होता. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. सेंट हे सुरांमधले अंतर मोजायचे माप; सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर कीबोर्डवरचा ठरीव गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. फरक लहान वाटतो, पण दोन्ही गंधार एकत्र लांबवले की कानाला खुपतात. सरावलेला गळा तानपुऱ्याकडेच झुकतो. पुतणीने म्हणून सिंथेसायझरचा प्रत्येक स्वर तानपुरा ऐकत नव्याने लावला, आणि त्यात तिचे चार दिवस गेले. मला या अल्बमचे मोल त्या चार दिवसांत दिसते, कारण गळ्याला यंत्राच्या मापात बसवणे आज फार सोपे झाले आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच घडते.

यंत्र आले की आपले संगीत बुडेल, ही भीती जुनी आहे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि पट्ट्यांचे सूर ठरीव असतात, या कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. बंदी चुकीची होती, असे माझे मत आहे. आक्षेप मात्र खरा होता, आणि त्याचे उत्तर वाद्य बाहेर काढून नव्हे, तर कान लावून द्यायला हवे होते.

त्या दिवशी शेवटचा शब्द गाऊन झाला, तानपुरा अजून घुमत होता, आणि कोणीतरी न राहवून कूलरचे बटण दाबले. पंख्याची पहिली घरघर आणि वाळ्याच्या ताट्यांवर पडणारे पाणी मुद्रणात आले आहे, आणि तिने ते काढलेले नाही. आता तेच गाणे आपण ऐकणार आहोत.