चांदीच्या सोल्डरचं रीळ

(अंधार. स्विचचा आवाज. पंख्याची घरघर.)

स्विच दाबला की आधी पंखा फिरायला लागतो. मग आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, एकेक करून नारिंगी उजळतात. पडदा मात्र अजून काळाच आहे. थांबा जरा. साधारण अर्धा मिनिट.

(खट्.)

हा रिलेचा, म्हणजे आपोआप जुळणाऱ्या स्विचचा आवाज. व्हॉल्व्हचे फिलामेंट नीट तापेपर्यंत त्यानं मोठी व्होल्टेज अडवून धरली होती. आता वाट मोकळी झाली, आणि ही बघा, हिरवी रेघ आली.

हा टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा 545, 1950च्या दशकातला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. वजन जवळपास 30 किलो. धाव 30 मेगाहर्ट्झपर्यंत. आज तळहातावर मावणारे स्कोप याच्यापुढे जातात. तरीही जुनी मापन उपकरणं जमवणारी माणसं याच्यासाठी टेबलावरची अर्धी जागा सोडायला तयार असतात. का, ते बाजूचं झाकण काढल्यावर कळतं.

(जवळून दृश्य : सिरॅमिकच्या पांढऱ्या पट्ट्या.)

या पांढऱ्या पट्ट्या बघा. प्रत्येक खाचेला आतून चांदीचा मुलामा आहे आणि रेझिस्टर, कपॅसिटर असे सर्किटचे छोटे भाग त्या खाचांत ओळीनं बसवलेत. साध्या कथिल-शिशाच्या सोल्डरनं इथं पुन्हा पुन्हा जोडकाम केलं, तर ते सोल्डर मुलाम्यातली चांदी खाऊन टाकतं आणि खाच निकामी होते. म्हणून इथं सुमारे 3 टक्के चांदी असलेलंच सोल्डर वापरायचं. आणि कॅमेरा थोडा आत नेला तर दिसेल : त्याच सोल्डरचं एक छोटं रीळ, कारखान्यातूनच आत ठेवलेलं. कधीतरी कुणीतरी हे उघडेल, दुरुस्त करेल, तेव्हा त्याच्या हाताशी असावं म्हणून. मला विचाराल तर या यंत्राचा सगळा स्वभाव या रिळात आहे.

सोबतच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट छापलेलं आहे. कुठल्या जागी किती व्होल्ट हवेत, तिथं लहरीचा आकार कसा दिसायला हवा, सगळं. बनवणाऱ्यांनी काहीही लपवलेलं नाही.

पण जुनं यंत्र हातात आलं की लगेच प्लग लावायचा मोह आवरावा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर क्षीण झालेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतोही. म्हणून व्हेरिएकनं, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं, व्होल्टेज हळूहळू चढवायचं, तासन् तास. थर पुन्हा धरू लागतो. जोडीला सिरीज बल्ब, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्याच वाटेत जोडलेला बल्ब : आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं.

आणि हात सांभाळा. पिक्चर ट्यूबला इथं सुमारे 10,000 व्होल्ट जातात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवून काम करतात, ते यासाठीच.

(मल्टिमीटरचा काटा.)

मग खरं काम सुरू होतं. पहिलं माप उणे 150 व्होल्टचं. बाकीचे सगळे पुरवठे, अधिक 100, 225, 350, 500, याच्याच आधारानं ठरतात. हा एक सरकला की सगळेच सरकतात, आणि शिकाऊ माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

या छंदातला हाच भाग मला सर्वांत प्रिय आहे. घाऊक सगळे कपॅसिटर बदलून टाकणारेही असतात. मला ते पटत नाही. मोजावं, जो खरोखर गळतो तोच काढावा. समोरच्या पॅनेलवरची झिजलेली अक्षरं तर रंगवूच नयेत.

संग्रह वाढला की प्रत्येक यंत्राची युक्ती वेगळी निघते. ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन, 1939चा 200ए ऑसिलेटर. त्यात लहर स्थिर ठेवायला चक्क एक छोटा दिवा आहे. सिग्नल वाढला की फिलामेंट तापतं, त्याचा रोध वाढतो आणि सिग्नल आपोआप आवरला जातो. एका साध्या बल्बानं इतकं मोठं काम! दर वेळी पाहताना मन भरून येतं.

(पुन्हा 545. हातात प्रोब.)

शेवटची तपासणी. प्रोबचं, म्हणजे मोजणीच्या वायरचं, टोक यंत्राच्याच कॅलिब्रेटरला लावायचं. आतून 1 किलोहर्ट्झची चौकोनी लहर येते. पडद्यावर चौकोन दिसतोय, पण कोपरे थोडे गोलावलेत. प्रोबमधला ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा कपॅसिटर, फिरवू. किंचित. जास्त झालं, कोपऱ्याला टोक आलं. जरा मागे.

आता बघा. कोपरा सरळ.

(हिरवी लहर, स्थिर. पंख्याची घरघर.)