रिठी

[दृश्य : पहाटेचं धुकं. हरभऱ्याचं वावर, मधोमध एकटी चिंच.]

नागपूरहून उमरेडच्या रस्त्यानं निघालो. ५० किलोमीटरच्या आतच डांबर सुटलं आणि पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, लागली. पांदणीत गाडी दोनदा फसली, म्हणून पुढचं सगळं पायी टिपलंय.

ही चिंच दिसते तिथं एक गाव आहे.

पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, दप्तरात त्याला नाव आहे, हलका म्हणजे पटवाऱ्याच्या हद्दीचा नंबर आहे, खसरे म्हणजे शेतांचे नंबर आहेत. २०११ च्या जनगणनेच्या गावयादीतही ते आहे. लोकसंख्येच्या रकान्यात शून्य.

अशा उठलेल्या गावाला आपल्याकडे रिठी म्हणतात. नाव मुद्दाम सांगत नाही. गुप्तधनाच्या नादानं खोदणारे आधीच येऊन गेलेत. चिंचेमागचा तो खड्डा त्यांचाच.

[दृश्य : नकाशा उलगडणारे हात, जवळून.]

कोतवालांनी पिशवीतून नकाशा काढला. कापडावर डकवलेला, घड्यांवर विरलेला. १८६० च्या दशकात इंग्रजांनी इथं जमीनमहसुलाचा बंदोबस्त केला, गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना मालकी दिली, आणि मग गावोगावची वावरं मोजून कागदावर आली. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. १९६० मध्ये नागपूर महाराष्ट्रात आलं. मौजा, म्हणजे महसुली गाव, तोच राहिला. जनगणनाही खेड्यापाड्यात महसुली गावालाच गाव धरते, मग तिथं चूल पेटो न पेटो.

कोतवालांचं बोट नकाशावर थांबतं. ही आबादी, घरांची जागा. हा आखर, इथं गुरं गोळा व्हायची. ही विहीर.

[दृश्य : कोतवाल चालताहेत. कॅमेरा पायांवर.]

"चिंच उजव्या हाताले ठेवा, अन् आता खाली पाहा, भाऊ."

खाली खापरं. नांगरटीत दरवर्षी नवी वर येतात. जात्याची एक तळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पालथी पडली आहे. कोणीतरी तिच्यावर पाण्याची कॅन ठेवलीय. विहिरीच्या काठच्या दगडाला दोराच्या खाचा आहेत. करंगळी आत जाते एवढ्या खोल.

आणि मारुती. शेंदूर ताजा आहे. आजूबाजूच्या गावचे शेतकरी पेरणीआधी इथं नारळ फोडतात.

गाव का उठलं? म्हातारे सांगतात, मरी आली. कोणी म्हणतं, विहीर आटली.

वस्ती नाही म्हणून पांदणीच्या खडीकरणात ही वाट मागं पडते. पावसाळ्यात खताची पोती डोक्यावरून न्यावी लागतात.

[दृश्य : संध्याकाळ. मळ्यांवर, म्हणजे मचाणांवर, माणसं चढताहेत.]

२०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. बेघरांना २८ च्या रात्री मोजलं. फेब्रुवारी म्हणजे इकडं हरभरा घाटे धरून उभा, आणि रानडुकरं सुटलेली. बायामाणसं घरी, गडी जागलीला. त्यांची नावं अर्थात त्यांच्या-त्यांच्या गावात लागतात, ते बरोबरच आहे. पुढची मोजणी २०२७ ची.

[दृश्य : रात्र. काळोखात बॅटऱ्यांचे ठिपके.]

आम्ही मोजल्या. चिंचेच्या या अंगाला तीन, नाल्यापलीकडं दोन. एकजण डबा बडवतो, पलीकडून हाक येते. मग परत डबा.

[आवाज : डबा. हाक. निवेदन नाही.]