ऑनलाइन दुकानाच्या पानावर ग्राहकांचे रिव्ह्यू आपोआप कसे आणायचे

[कॅमेऱ्याकडे बघत]

नमस्कार मंडळी, इंदुरातून तुमचं स्वागत. राजवाड्याजवळचं साडीचं दुकान असो, की घरातून चालणारा मसाल्यांचा आणि फराळाचा धंदा, आपल्याकडची बरीच मराठी घरं आता स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकतात. पण प्रॉडक्ट पेज उघडलं की खाली लिहिलेलं असतं, 'अजून एकही रिव्ह्यू नाही'. माल चांगला आहे, गिऱ्हाईक खूश आहे, कौतुकही भरपूर होतं. फक्त ते सगळं व्हॉट्सअॅपवर होतं आणि तिथेच राहतं.

मग बरेच जण त्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून होमपेजवर लावतात. असं करू नका. स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. मोबाइलवर ते वाचता येत नाही, गूगल त्याला रिव्ह्यू म्हणून धरत नाही, आणि कोणतं कौतुक कोणत्या साडीचं हे कळत नाही. शिवाय कितीतरी स्क्रीनशॉटमध्ये गिऱ्हाइकाचा नंबर तसाच दिसत असतो. त्या बाईंनी तो जगाला दाखवायला दिलेला नव्हता.

रिव्ह्यू त्या-त्या वस्तूला जोडलेला हवा आणि तुम्ही हात न लावता तिच्या पानावर दिसायला हवा. आधी वूकॉमर्समध्ये बघू, म्हणजे वर्डप्रेसवर बनवलेल्या वेबसाइटला दुकान जोडून देणाऱ्या सोयीत, कारण वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्यांना त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

[स्क्रीनवर: वूकॉमर्स, सेटिंग्ज, प्रॉडक्ट्स, जनरल]

इथे खाली या. 'एनेबल प्रॉडक्ट रिव्ह्यूज' हा चौकोन टिक करा. त्याखाली 'व्हेरिफाइड ओनर'चं लेबल दाखवायचा पर्याय आहे, तोही टिक करा. ज्याने खरंच खरेदी केली, त्याच्या नावापुढे तसं लिहून येतं. आता तिसरा पर्याय नीट बघा: रिव्ह्यू फक्त व्हेरिफाइड ओनरच देऊ शकतील. वाचायला फार चांगला वाटतो, आणि नेमकं इथेच घोडं अडतं. हा पर्याय चालू केला की लॉगिन केलेल्या खरेदीदारालाच फॉर्म दिसतो. आपली गिऱ्हाइकं खातं कुठे उघडतात? नाव, पत्ता, फोन भरला, पाहुणा म्हणून ऑर्डर टाकली, संपलं. अशी बाई रिव्ह्यू द्यायला परत आली की तिला फॉर्मच दिसत नाही. म्हणून लेबल चालू ठेवा, सक्ती बंद ठेवा. ऑर्डरच्या वेळचाच ईमेल तिने रिव्ह्यूमध्ये टाकला, तर लॉगिनशिवायही लेबल लागतं.

रिव्ह्यू आला पण पानावर दिसत नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. तीन ठिकाणी बघा. पहिलं, वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधलं 'डिस्कशन'. तिथे मुळातच एक अट लावलेली असते, की लिहिणाऱ्याची आधी एखादी कमेंट मंजूर झालेली असावी. रिव्ह्यूलाही तीच अट लागते, त्यामुळे नव्या माणसाचा पहिला रिव्ह्यू 'पेंडिंग'मध्ये जाऊन बसतो. दुसरं, माल एक्सेलमध्ये बनवून सीएसव्ही फाइलमधून चढवला असेल, तर 'अलाऊ कस्टमर रिव्ह्यूज' नावाच्या रकान्यात शून्य राहिलंय का ते बघा. शून्य असेल तर त्या वस्तूचे रिव्ह्यू बंद. तिसरं, कॅशे. पानाची जुनी प्रत लोकांना दाखवली जात असेल, तर नवा रिव्ह्यू डेटाबेसमध्ये असूनही बाहेर दिसत नाही. रिव्ह्यू मंजूर होताच त्या पानाची कॅशे साफ व्हावी, अशी सोय कॅशेच्या प्लगइनमध्ये, म्हणजे वेबसाइटला वरून जोडलेल्या त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आहे का ते तपासा.

शॉपिफाय, म्हणजे महिन्याचं भाडं देऊन तयार ऑनलाइन दुकान मिळतं ती सेवा, वापरणाऱ्यांचं वेगळं. शॉपिफायचं स्वतःचं मोफत रिव्ह्यू अॅप 2024 मध्ये बंद झालं, त्यामुळे आता बाहेरचं अॅप घ्यावं लागतं. अॅप टाकलं की थीम एडिटरमध्ये प्रॉडक्टचं टेम्प्लेट, म्हणजे प्रॉडक्ट पेजचा साचा, उघडा आणि अॅपचे ब्लॉक बसवा: नावाखाली ताऱ्यांची ओळ, पानाच्या खाली पूर्ण यादी. टेम्प्लेटमध्ये एकदा बसवलं की ते टेम्प्लेट वापरणाऱ्या सगळ्या वस्तूंना लागू होतं. अॅप रिव्ह्यू उशिरा आणत असेल आणि पान वाचता वाचता खाली सरकत असेल, तर अॅपवाल्यांना सांगून तिथे जागा राखून घ्या. बोट 'खरेदी करा'वर जावं आणि बटणच हलावं, हे कुणालाच आवडत नाही.

[कॅमेऱ्याकडे]

आता रिव्ह्यू मागायचे कधी? रिव्ह्यू मागणारा मेल आपोआप पाठवणारी बहुतेक प्लगइन ऑर्डर 'कम्प्लीटेड' झाल्यापासून दिवस मोजतात. आणि आपल्याकडे पुष्कळ दुकानदार पार्सल कुरिअरला दिलं की लगेच 'कम्प्लीटेड' करून टाकतात. मग माल अजून रस्त्यात आणि मेल आलेला, 'कसं वाटलं आमचं उत्पादन?' गिऱ्हाईक चिडणारच. एक तर माल पोचल्यावरच ऑर्डर पूर्ण करा, नाहीतर वाटेतले दिवस धरून मुदत वाढवा. त्यातही वस्तूप्रमाणे फरक करा. लौंग सेवेचं पाकीट पोचल्यावर दोन दिवसांत संपतं, तेव्हाच विचारा. साडीचं मात्र नेसून, जमलं तर एकदा धुऊन झाल्यावर विचारा, कारण रंग जातो का हेच पुढच्या बाईला जाणून घ्यायचं असतं. ईमेल उघडणारे कमी, म्हणून व्हॉट्सअॅपवरून विचारावंसं वाटेल. जरूर विचारा, पण आपोआप जाणाऱ्या अशा संदेशाचा मजकूर आधी मेटाकडून, म्हणजे व्हॉट्सअॅपच्या मालक कंपनीकडून, मंजूर करून घ्यावा लागतो आणि गिऱ्हाइकाची संमतीही लागते.

आता ज्यासाठी मी हा व्हिडिओ करायला घेतला, ते सांगते.

बऱ्याच अॅपमध्ये एक सोय असते: चार किंवा पाच तारे असतील तरच रिव्ह्यू आपोआप प्रसिद्ध करा, बाकीचे थांबवून ठेवा. ही सोय वापरू नका. रिव्ह्यू आणण्याचं, मांडण्याचं काम यंत्राला द्या. तारे बघून गाळण्याचं काम कुणालाच देऊ नका, यंत्रालाही नाही आणि स्वतःलाही नाही.

समजा, तुम्ही महेश्वरी साडी विकताय. ताणा रेशमी, बाणा सुती, नर्मदेच्या लाटांचा काठ. पानावर लिहिलंय 'मोरपंखी'. कुणीतरी तीन तारे देऊन लिहितं, 'पोत फार सुंदर, पण फोटोत निळी दिसली, घरी आली ती हिरव्याकडे झुकणारी.' हा रिव्ह्यू दाबला तर काय होईल? निळी समजून आणखी चार जणी मागवतील आणि चारही साड्या परत येतील. जाण्याचं कुरिअर तुमचं, येण्याचंही तुमचं. तोच रिव्ह्यू पानावर राहू द्या आणि खाली लिहा, 'ताई, बरोबर आहे. दुकानातल्या दिव्याखाली रंग निळसर आला होता. खिडकीजवळच्या उजेडात काढलेला फोटो आज टाकलाय.' आता जिला हिरवट मोरपंखीच हवी, ती निर्धास्तपणे मागवेल. ते तीन तारे तुमच्या मालाचं सगळ्यात खरं वर्णन आहे, आणि ते फुकट मिळालंय.

नुसते पाच तारे दिसले की लोकांना शंका येते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल रिसर्च सेंटरने 2017 मध्ये यावर अहवाल काढला होता. खरेदीची शक्यता सरासरी 4.0 ते 4.7 ताऱ्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त दिसली आणि सरासरी 5 कडे सरकली की उलट कमी झाली.

कायद्याचंही बघा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला मनाई आहे. म्हणजे सुरुवातीचे दहा रिव्ह्यू घरातल्या घरात लिहून टाकू, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भारतीय मानक ब्यूरोचं या विषयावर वेगळं मानकही आहे, आयएस 19000:2022. रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे प्रसिद्ध करायचे हे त्यात दिलंय. ते ऐच्छिक आहे, पण छोट्या दुकानदाराने आपले नियम त्यावर बेतले तर पाया पक्का होतो.

मग थांबवायचं काय? शिवीगाळ, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता, जाहिरातीच्या लिंका. बस. 'कुरिअरने डबा चेपून आणला' अशी तक्रार मी ठेवीन, कारण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने डबा तुम्हीच पाठवलाय. आणि शब्दाला हात लावू नका, शुद्धलेखनही सुधारू नका. आपल्या इंदुरी गिऱ्हाइकाने 'साडी एक नंबर, पर कलर थोडा हल्का आया' असं अर्धं मराठी, अर्धं हिंदी लिहिलं, तर तसंच दिसू द्या. त्या भाषेवरूनच वाचणाऱ्याला कळतं की हे कुण्या खऱ्या माणसाने लिहिलंय. आपोआप भाषांतर करणारी सोय त्यावर लावू नका.

आणखी एक. एकाच साडीच्या वेगवेगळ्या रंगांचे रिव्ह्यू एकत्र दिसले तरी चालतं, वूकॉमर्स ते मूळ वस्तूलाच जोडतं. पण जुनी वस्तू संपली म्हणून त्याच पानावर नवी वस्तू चढवायची आणि जुने तारे तसेच ठेवायचे, ही फसवणूक आहे. नव्या वस्तूला नवं पान द्या. खाण्याच्या वस्तूंना रिव्ह्यूचा क्रम 'नवे आधी' ठेवा. दोन वर्षांपूर्वीच्या चिवड्याचं कौतुक आजच्या घाण्याबद्दल काही सांगत नाही.

[स्क्रीनवर: गूगलची रिच रिझल्ट्स टेस्ट]

गूगलच्या शोधात तारे दिसावेत म्हणून पानाच्या कोडमध्ये सरासरी आणि रिव्ह्यूंची संख्या ठरावीक पद्धतीने लिहावी लागते, त्याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. वूकॉमर्स ते स्वतः लिहितं. वरून रिव्ह्यूचं प्लगइनही लिहीत असेल, तर एकाच वस्तूची माहिती दोनदा जाते. दोन्हींपैकी एक बंद करा. कोडमध्ये जे रिव्ह्यू आहेत ते पानावर दिसले पाहिजेत आणि दुसऱ्या साइटवरून उचललेले नसावेत, असं गूगलचा नियम सांगतो. इतकं करूनही तारे दाखवायचे की नाही ते गूगल ठरवतं. तशी खात्री देऊन कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

सगळं लावून झालं की एखाद्या ओळखीच्या खऱ्या गिऱ्हाइकाला लिंक पाठवा आणि त्यांच्या मोबाइलवरून, लॉगिन न करता, रिव्ह्यू टाकायला सांगा. फॉर्म दिसला का, तारे बोटाने नीट निवडता आले का, फोटोची सोय असेल तर तो चढला का, हे त्यांनाच विचारा. मग तुमच्या फोनवर, वेबसाइटमधून लॉगआउट होऊन, तेच पान उघडा आणि रिव्ह्यू दिसतोय का ते बघा.