सिंह खरा, बकरी खरी, साप खरा

ह्या मूर्तीच्या थोडं जवळ जाऊया. हा सिंह, जबडा उघडलेला, आणि पाठीवर बघा, मणक्यातनंच बकरीचं डोकं बाहेर आलंय, एका बाजूला कललेलं, मानेवर जखम. खाली उजव्या पुढच्या पायावर अक्षरं दिसतायत ना, टिनिया देवाला वाहिल्याची ती खूण. ब्राँझमधलं एट्रुस्कन लोकांचं, म्हणजे रोमनांच्या आधी इटलीत नांदलेल्यांचं काम, जवळपास २४०० वर्षं जुनं. १५५३ मध्ये इटलीत आरेत्सोला तटबंदीजवळ खोदताना सापडलं, आता फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

ग्रीक पुराणकथांतला हा राक्षसी प्राणी, नाव कायमीरा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता बकरी. म्हणजे एवढा सिंह पुढे उभा आणि नाव लागलं कोणाचं तर पाठीवरच्या बकरीचं! इलियड ह्या ग्रीक महाकाव्यात होमर सांगतो तसं, पुढून सिंह, मागून साप, मधे बकरी आणि श्वासातून आग.

ह्यावरूनच इंग्रजीत १७ व्या शतकात एक विशेषण आलं, कायमेरिकल. स्पेलिंग सीएचने सुरू होतं म्हणून बरेच जण चिमेरिकल म्हणतात, पण हा ग्रीकमधून आलेला सीएच, त्याचा क होतो. डिक्शनरीत पटकन अर्थ सापडतो 'काल्पनिक', आणि तिथेच गडबड होते, मग लोक कादंबरीतल्या पात्रालाही कायमेरिकल म्हणायला लागतात. त्याला फिक्शनल म्हणा ना. कोणी खोटं नाव सांगून खोली घेतली तर ते नाव फिक्टिशस. कायमेरिकल लावायचं बेताला, आशेला, स्कीमला, जी डोक्यात अगदी शेपटीसकट उभी असते आणि प्रत्यक्षात कधीच उतरणार नसते.

आता हे लाकडी चाक बघा. कडेला बिजागऱ्यांवर लोंबती वजनं. एका बाजूला आली की ती बाहेर पडतात, मग ती बाजू जड, म्हणून चाक कायम फिरत राहणार असा हिशोब. ढकललं... फिरतंय... अजून फिरतंय... थांबलं. बाहेर पडलेली वजनं लांब असतात खरी, पण त्या बाजूला संख्येने कमी, दुसरीकडे जास्त, झाली फिट्टमफाट. चाक खरं, वजनं खरी, बिजागऱ्याही खऱ्या, फक्त एकत्र जोडल्यावर जे व्हायला हवं ते होत नाही. हे कायमेरिकल. आपलं शशशृंग अगदी हेच सांगतं, ससा असतो, शिंगही असतं, सशाला नसतं एवढंच. मला तर काल्पनिकपेक्षा हाच शब्द जवळचा वाटतो, वापरत कोणी नाही हा भाग वेगळा.

हा डोंगर तुर्कस्तानातला, यानार्ताश, म्हणजे जळता दगड. खडकाच्या फटींतून मिथेन येतो आणि पेटता राहतो, प्राचीन काळापासून. कायमीराची आग ती हीच असं मानलं जायचं, म्हणजे आगही खरीच निघाली.

(इथे निवेदन नाही. रात्र, फक्त ज्वाळा.)

विज्ञानात कायमेरिक असं विशेषण आहे ते मात्र वेगवेगळे भाग जोडून बनलेल्या खऱ्याखुऱ्या गोष्टींसाठी, कॅन्सरवरच्या कार-टी (CAR-T) उपचारातला, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी बदलून त्या कॅन्सरवर सोडण्याच्या उपचारातला, पहिला सी तोच, अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. असो.

परत मूर्तीकडे. शेपटीचा साप बकरीचं शिंग चावतोय, दिसलं? ही शेपूट मूळची नाही, १८ व्या शतकात बसवलेली, आणि अभ्यासकांचं म्हणणं की साप खरं तर समोरच्या शत्रूवर झेपावत असणार. आपल्याच अंगातल्या बकरीला तो कशाला चावेल.